बेचाळीस टक्के आणि दोन जामीनदार

नोव्हेंबर २०२५ च्या पगारातून पतसंस्थेचा बाविसावा हप्ता कापला गेला. अजून १,१२,००० रुपये मुद्दल बाकी आहे, त्यामुळे मी कर्जातून सुटलो असं काही म्हणत नाही. पण क्रेडिट कार्डांचं कर्ज फिटून दीड वर्ष होत आलं. त्या दिवसांत मी रात्री बारा-बारा वाजेपर्यंत मोबाइलवर शोधत बसायचो की, आपल्यासारख्या कुणी हे कसं फेडलं. सापडायचं ते एक तर कर्ज विकणाऱ्यांनी लिहिलेलं, नाहीतर शहाणपण शिकवणारं. म्हणून तारखा आणि आकड्यांसकट लिहून ठेवतोय. नाव लिहीत नाही, शाळेचंही नाही.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये लिपिक आहे. शाळेत सगळे भाऊसाहेब म्हणतात. शालार्थ या शाळांच्या सरकारी ऑनलाइन पगारप्रणालीवर पगारबिलं करणं हे माझं काम. कुणाचा पतसंस्थेचा हप्ता किती, कुणाची एलआयसी, कुणी कुणाला जामीन आहे, हे सव्वीस माणसांचं सगळं माझ्या हातून जातं. शाळेत कुणाचं कर्ज माझ्यापासून लपलेलं नव्हतं. माझं मात्र चार वर्षं कुणाला माहीत नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं.

सुरुवात ऑगस्ट २०१९ च्या पुरात झाली. आमचं घर सांगलीच्या गावभागात, तळमजल्यावर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि आमच्या घरात छातीएवढं होतं. आम्ही मेहुण्याकडे मिरजेला होतो. परत आलो तेव्हा फ्रीज आडवा तरंगून दाराला लागलेला, गाद्या चिखलाने फुगलेल्या. ऑक्टोबरमध्ये फ्रीज आणि वॉशिंग मशीन बघायला गेलो तर दुकानातच टेबल टाकून कार्डवाला बसला होता. आधार, पॅन, पगाराची पावती आणि तीन सह्या. बारा दिवसांत कार्ड घरी आलं, लिमिट ६०,०००.

पहिलं दीड वर्ष मी पूर्ण बिल भरत होतो, हे मुद्दाम सांगतो. कार्डाचं कर्ज उधळ्या माणसालाच होतं असं मलाही वाटायचं. जुलै २०२१ ला परत पूर आला, परत गाद्या, परत मिक्सर, मोटारसायकलचं इंजिन. त्या महिन्यात बिल ४१,००० आलं आणि खाली बारीक अक्षरात होतं, ‘मिनिमम ड्यू २,०५०’. मी २,०५० भरले. कुणी रागावलं नाही, फोन आला नाही. उलट दोन महिन्यांनी लिमिट वाढवल्याचा मेसेज आला.

आता मला कळतं ते तेव्हा कळलं नाही. मिनिमम भरलं की लेट फी लागत नाही आणि खातं थकीत दिसत नाही, एवढंच. व्याज मात्र चालूच राहतं. आणि एकदा बाकी मागे राहिली की पुढच्या खरेदीला ते चाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी मिळत नाहीत. पाच तारखेला भरलेल्या किराण्याला पाच तारखेपासूनच व्याज. माझ्या कार्डाचा दर महिना साडेतीन टक्के. ‘साडेतीन टक्के’ वाचून मला ते स्वस्तच वाटलं होतं. बाराने गुणायला हवं हे सुचलं नाही. वर्षाला ४२ होतात, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा.

२०२२ मध्ये मुलीच्या अकरावीच्या क्लाससाठी दुसरं कार्ड घेतलं. त्याचा दर महिना ३.६ टक्के. मग एकाचं मिनिमम भरायला दुसरं वापरायला लागलो. ज्यांनी केलंय त्यांना माहीत असेल, ओळखीच्या मोबाइलच्या दुकानात कार्ड स्वाइप करायचं, तो अडीच टक्के कापून रोख देतो. तीस हजार स्वाइप केले की हातात २९,२५०. हे बँकेच्या नियमात बसत नाही, हे त्यालाही माहीत आणि मलाही. तो चहा पाजायचा. मी पाच वेळा गेलो. या सगळ्यात मला सर्वांत जास्त लाज कशाची वाटत असेल तर त्या चहाची.

सप्टेंबर २०२३ मध्ये पगार सतरा तारखेला झाला. अनुदानित शाळेत हे नवीन नाही. पण कार्डाची देय तारीख आठ होती आणि ती काही पगारासाठी थांबत नाही. दुसऱ्या कार्डाचं मिनिमम चुकलं. लेट फी ७५० आणि वर जीएसटी. अकरा तारखेपासून फोन सुरू झाले. एक फोन सकाळी सातच्या पुढे, आंघोळीला जाताना. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाही, नातेवाइकांना किंवा ऑफिसात सांगून बेइज्जत करता येत नाही. मला तेव्हा माहीत नव्हतं, नाहीतर वेळ आणि नंबर लिहून ठेवला असता. आज कुणी विचारलं तर पहिलं तेच सांगतो, फोन उचला, पण तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव वहीत लिहा.

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार. दिवाळीची सुट्टी चालू होती आणि दुपारी अहमदाबादला वर्ल्ड कपची फायनल. सगळी गल्ली टीव्हीसमोर. मी आतल्या खोलीत बसून दोन्ही कार्डांची वर्षभराची स्टेटमेंटं मोबाइलवरून वहीत उतरवली. पगारबिलं करताना आखतो तसे रकाने आखले. पहिलं कार्ड १,३८,४००. दुसरं ८२,६००. एका ॲपवर ‘आता घ्या, नंतर भरा’वालं ११,२००. बेरीज २,३२,२००.

मग पुढचा रकाना. पहिल्या कार्डाचं महिन्याचं व्याज ४,८४४, त्यावर जीएसटी धरून ५,७१६. दुसऱ्याचं तसंच ३,५०९. दोन्ही मिळून ९,२२५. आणि मी मिनिमम भरत होतो दोन्हीचं मिळून ११,०५०. म्हणजे महिन्याला अकरा हजार भरून कर्ज कमी होत होतं १,८२५ ने, आणि तेवढ्याचा किराणा मी त्याच कार्डावर आणत होतो. हातात पगार पडायचा ३८,०००.

रात्री बाहेर आलो तेव्हा माझा चेहरा बघून मुलगी म्हणाली, “जाऊ दे पप्पा, पुढच्या वेळी जिंकू.” मॅच हरल्याचं मला तेव्हा कळलं.

हिला सांगायला आणखी दोन दिवस गेले. मंगळवारी रात्री वही पुढे ठेवली. मला वाटलं होतं रडेल किंवा भांडेल. ती दहा-पंधरा मिनिटं नुसती आकडे वाचत होती. मग विचारलं, “अहो, हे अजून कुणाला माहीत आहे?” मी म्हटलं, कुणालाच नाही. “मग एवढं व्याज तुम्ही कुणाला कळू नये म्हणून देताय का?” हे ती टोमणा म्हणून बोलली नव्हती, खरंच विचारत होती. भांडण झालं ते दुसऱ्या दिवशी, आणि चांगलं आठवडाभर चाललं. मुख्य मुद्दा पैशाचा नव्हता, चार वर्षं तिच्यासमोर बसून मी बिलाचे मेसेज उडवत होतो, याचा होता. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

त्याच आठवड्यात ठरवलं ते एवढंच की, दोन्ही कार्डं पाकिटातून काढून तिच्या कपाटात. फोनमधल्या ॲप्समध्ये सेव्ह केलेले कार्ड नंबर काढून टाकले. यालाच अर्धा तास लागला, सात ठिकाणी होते. डिसेंबरमध्ये हिला १२,००० ची भिशी लागली, तिच्यातून ॲपवालं ११,२०० आधी मिटवलं. हिशोबाने बघितलं तर ते चूक होतं, जास्त व्याजाचं कार्ड आधी मारायला हवं होतं. पण तीनाची दोन झाली हे बघायची तेव्हा फार गरज होती.

मग फोन केले. पहिल्या कार्डाच्या कस्टमर केअरला शनिवारी सकाळी साडेनऊला लावला, पंचवीस मिनिटं संगीत ऐकलं. (दुपारी लावला होता तेव्हा चाळीस मिनिटांनी कटच झाला होता. सकाळी लावा.) मी म्हटलं, मला पूर्ण बाकीचा ईएमआय करून पाहिजे. तिकडची मुलगी व्यवस्थित बोलली. वर्षाला १८ टक्के, चोवीस महिने, हप्ता ६,९०९, प्रोसेसिंग फी वेगळी, व्याजावर जीएसटी वेगळा. मी आकडा लिहून घेतला आणि वहीत वरच्या ओळीकडे बघत बसलो. त्या कार्डाचं मिनिमम होतं ६,९२०. तेवढेच पैसे. जीएसटीचे तीन-पावणेचारशे वर धरा. एकात कर्ज दोन वर्षांत संपतं आणि दुसऱ्यात संपतच नाही, आणि हे मला चार वर्षांत कुणी सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही. ज्यांना कुठली पतसंस्था नाही, तारण नाही, त्यांनी निदान एवढा फोन करावा. बोलणं झाल्यावर हीच ऑफर ईमेलवर मागून घ्यावी.

दुसरा फोन मला आला. माझा नंबर त्यांना कुठून मिळाला माहीत नाही. पुण्याहून बोलतोय म्हणाला, “तुमचं कर्ज आम्ही चाळीस टक्क्यांत सेटल करून देतो, फक्त तीन-चार महिने मिनिमम भरायचं बंद करा.” त्यांची फी आगाऊ, काही हजारांत. ऐकायला फार गोड होतं. २,२१,००० चे नव्वद हजार! मी हिशोबाचा माणूस असूनही त्या रात्री झोपलो नाही, चांगल्या अर्थाने. दुसऱ्या दिवशी सिबिलचा, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या इतिहासाचा, रिपोर्ट काढला. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो, असा इतिहास ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वेगवेगळा. स्कोअर ६४१. सेटलमेंट केली की खात्यासमोर ‘क्लोज्ड’ येत नाही, ‘सेटल्ड’ येतं, म्हणजे याने पूर्ण फेडलं नाही अशी नोंद. पुढे मुलीच्या शैक्षणिक कर्जाला सहअर्जदार मीच असणार होतो. शिवाय नव्वद दिवस मिनिमम थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं, तोवरचे फोन आणि नोटिसा मीच झेलायच्या, तो पुण्याचा माणूस नाही. ज्याची नोकरी गेली, ज्याला खरंच फेडता येणं शक्य नाही, त्याने सेटलमेंट करावी, तीही थेट बँकेशी आणि लेखी पत्र हातात आल्यावरच पैसे भरून. मला पगार होता. मला फेडता येत होतं.

तिसरा पर्याय हिने काढला, तिच्या पाटल्या. तीन तोळ्यांच्या. एका राष्ट्रीयीकृत बँकेत दोघं जाऊन विचारलं. मूल्यांकन करणाऱ्याने घासून, वजन करून सांगितलं की सव्वा लाखापर्यंत मिळेल, व्याज वर्षाला नऊच्या आसपास. व्याज सर्वांत कमी होतं ते हेच. मी लगेच तयार झालो. बँकेच्या पायऱ्या उतरताना ही म्हणाली, “ठेवू पाटल्या, मला काही नाही. पण हे पण गुपचूपच झालं की. तुमच्या पतसंस्थेत आधी विचारा. नाही म्हणाले तर पाटल्या कुठं जात नाहीत.”

आमच्या जिल्ह्यातल्या माध्यमिक शिक्षक-शिक्षकेतरांच्या पतसंस्थेचा मी एकोणीस वर्षं सभासद. दरमहा वर्गणी जाते, दिवाळीला लाभांश येतो, कर्ज मात्र कधी काढलं नव्हतं. ४ डिसेंबरला, सोमवारी, अर्धी रजा टाकून गेलो. जामीनकी कर्ज, साडेदहा टक्के, शिल्लक मुद्दलावर व्याज. ४२ च्या जागी साडेदहा! मी क्लार्कला दोनदा विचारलं. कागदपत्रं: तीन महिन्यांच्या पगारपावत्या, आधार-पॅन, दोन फोटो, पगारातून कपात करून देऊ असं मुख्याध्यापकांचं हमीपत्र, आणि दोन जामीनदार. जामीनदार सभासद पाहिजेत आणि कुणालाही दोनपेक्षा जास्त कर्जांना जामीन राहता येत नाही. कर्ज मंजुरीची सभा महिन्यातून एकदा, महिनाअखेरीला. नोव्हेंबरची चारच दिवसांपूर्वी होऊन गेली होती. कुणी जाणार असेल तर आधी फोन करून सभेची तारीख विचारून जा, माझा एक महिना आणि सव्वानऊ हजार व्याज त्यात गेलं.

फॉर्म घेऊन आलो आणि चार दिवस तो टेबलाच्या खणात पडून राहिला.

ॲपवरच्या कर्जाला कुणाला काही विचारावं लागलं नव्हतं. अंगठा टेकवला, पैसे आले. इथे तीन माणसांसमोर उभं राहायचं होतं, मुख्याध्यापक आणि दोन जामीनदार. कर्जाचं कारण असा एक रकाना होता फॉर्मवर. लोक ‘घरदुरुस्ती’ लिहितात, मला माहीत आहे, मीच ते फॉर्म पुढे पाठवतो. मी पण ‘घरदुरुस्ती’ लिहिलं, मग खोडलं, मग नवीन फॉर्म आणायला परत पतसंस्थेत जावं लागलं. ‘क्रेडिट कार्डाची थकबाकी भरणे’ असं लिहिलं.

मुख्याध्यापकांनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, “किती टक्के लावतात हो हे?” मी सांगितलं. त्यांनी एक कागद ओढून स्वतः गुणाकार केला आणि सही केली. नंतर कळलं की त्यांच्या मुलाचंही असंच काही होतं.

पहिल्यांदा ज्या सरांना विचारलं त्यांनी नाही म्हटलं. वीस वर्षांची ओळख, डबा एकत्र खातो. “भाऊसाहेब, बायकोला विचारून सांगतो,” म्हणाले आणि नंतर मीच विषय काढला नाही. त्यांचं चुकलं असं म्हणणार नाही, जामीन राहणं म्हणजे माझा हप्ता चुकला तर त्यांच्या पगारातून कापायचा, आणि ते कापणार कोण, तर मीच. पण त्या दिवशी घरी जाताना गाडी कृष्णेच्या घाटावर लावून तासभर बसलो. त्यानंतर दोनेक महिने डबा वेगवेगळा होता, आता परत एकत्र खातो.

दुसऱ्या सरांनी, विज्ञानाचे, वयाने माझ्याहून बारा वर्षांनी लहान, फॉर्म न वाचता सही केली. मीच त्यांना वाचायला लावला.

राहिला एक. मी यादी करत होतो, कोण किती कर्जाला जामीन आहे ते माझ्याकडे होतंच. शिपाई मामा चहा घेऊन आले, यादीकडे बघितलं आणि म्हणाले, “माझं नाव न्हाई ह्यात?”

मी म्हटलं, मामा, तुम्हाला कशाला त्रास.

“भाऊसाहेब, सप्टेंबरात त्या बँकेचा फोन आलता शाळेच्या फोनवर. दोनदा. मीच उचलला. साहेब रजेवर हैत म्हणून सांगितलं.”

मला काही सुचेना. मी विचारलं, मग मला बोलला का नाही?

“माझ्या पगारातनं तीन हप्ते तुम्ही कापताय, कधी कुणाला बोलला का?”

सही केली, आणि फोटोसाठी दुपारच्या सुट्टीत नवीन शर्ट घालून आले.

सभा २९ डिसेंबरला झाली. २,००,००० मंजूर. कर्जाच्या प्रमाणात जादा शेअर्स घ्यावे लागतात त्याचे ५,००० आणि फॉर्म, स्टॅम्प, कल्याण निधी मिळून १,१०० कापून ५ जानेवारी २०२४ ला खात्यावर १,९३,९०० जमा झाले. परतफेड पन्नास हप्त्यांत, दरमहा मुद्दल ४,००० आणि शिल्लक रकमेवरचं व्याज. पहिला हप्ता ५,७५०, मग दर महिन्याला पस्तीस रुपयांनी कमी. पस्तीस रुपये म्हणजे काहीच नाही, पण दर महिन्याला कमी होणारा आकडा मी चार वर्षांत बघितला नव्हता. आणि कपात पगारातूनच असल्यामुळे पगार उशिरा झाला तर हप्ताही उशिरा जातो. आठ तारखेची भीती संपली. (कार्डाचीही बिलिंग सायकल एकदा तरी बदलून मागता येते, तसा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. उशिरा पगार होणाऱ्यांनी देय तारीख वीसच्या पुढे सरकवून घ्यावी. मला हे दुसऱ्या कार्डाच्या वेळी कळलं.)

६ जानेवारीला पहिल्या कार्डाची स्टेटमेंटवरची पूर्ण बाकी, १,३५,९९०, एका वेळी भरली. बोट स्क्रीनवर टेकवताना हात थरथरत होता. उरलेले ५७,९१० दुसऱ्या कार्डात. त्या रात्री शेवयाची खीर झाली.

आणि २० तारखेला पहिल्या कार्डाचं स्टेटमेंट आलं, ३,१३९ रुपये. मला वाटलं चुकून आलं. फोन केला, तीस मिनिटं, आणि मग समजलं. २० डिसेंबरला स्टेटमेंट निघालं, मी भरले सहा जानेवारीला. मधल्या सतरा दिवसांचं व्याज रोज चढतच होतं, ते आणि त्यावरचा जीएसटी पुढच्या बिलात येतो. बरोबरच होतं. पूर्ण फेडणार असाल तर स्टेटमेंटचा आकडा भरू नका. फोन करून आजच्या तारखेपर्यंत एकूण किती ते विचारा, तेवढेच भरा आणि पुढचं एक बिल येईपर्यंत थोडे पैसे राखून ठेवा. त्या ३,१३९ ने मला पूर्ण कर्जापेक्षा जास्त त्रास दिला, कारण खीर खाऊन झाली होती.

दुसऱ्या कार्डाची २३,४३० आणि असंच मागचं व्याज, हे फेडायला जून उजाडला. महिन्याला सहा हजार. उन्हाळ्यात आंबे पेटीने आणले नाहीत, डझनाने आणले. मुलीचा बारावीनंतरचा खर्च होता, दोनदा कपाटाची किल्ली मागायचा मोह झाला. एकदा मागितलीही. हिने दिली नाही, आणि त्यावरून परत भांडण झालं.

जून २०२४ मध्ये दोन्ही कार्डं बंद करायचे अर्ज ईमेलने टाकले. नियमाने बाकी नसलेलं कार्ड अर्जापासून सात कामकाजाच्या दिवसांत बंद व्हायला पाहिजे, नाहीतर बँकेने दिवसाला ५०० रुपये द्यायचे. पहिलं सहाव्या दिवशी बंद झालं, मधे दोन फोन आले, “सर, लाइफटाइम फ्री करून देतो, लिमिट दोन लाख करतो.” दुसरं अडकलं. कारण विचारलं तर ३७ रुपये बाकी. कसले सदतीस, कुणाला सांगता येईना. व्याजावरचं व्याज असणार. भरले. दोन्हीचं नो ड्यूज पत्र ईमेलवर मागून घेतलं, छापून फाइलला लावलं. हे पत्र आल्याशिवाय कार्ड कापू नका, शेवटचे चार अंक लागतात प्रत्येक ठिकाणी.

ऑगस्टमध्ये सिबिल बघितलं. एक खातं ‘क्लोज्ड’, दुसऱ्यावर अजून ते ३७ रुपये दिसत होते. सिबिलच्या साइटवरच तक्रार नोंदवली आणि सोबत बँकेला ईमेल. अशी दुरुस्ती तीस दिवसांत झाली नाही तर पुढे रोजचे शंभर रुपये भरपाई मिळते, पण माझी तेविसाव्या दिवशी झाली. स्कोअर ७३८. बँकेने ऐकलंच नाही तर महिनाभर थांबून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, वकील लागत नाही, फी लागत नाही. माझ्यावर ती वेळ आली नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये एक बातमी वाचली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डांना वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावणं गैर ठरवलं होतं, तो निकाल सुप्रीम कोर्टाने २० डिसेंबरला रद्द केला. स्टाफरूममध्ये पेपर पसरलेला होता. विज्ञानाचे सर म्हणाले, “भाऊसाहेब, तुम्ही वेळेत सुटलात.” चार जण वळून बघायला लागले. कसला निकाल, कुणाचं काय, म्हणून विचारायला लागले. मी सांगितलं, रकमेसकट. पुढच्या पंधरा दिवसांत दोन जण एकेकटे ऑफिसात येऊन, दार लोटून घेऊन, स्वतःची स्टेटमेंटं दाखवून गेले. एक तर ज्यांनी मला नाही म्हटलं होतं तेच. त्यांच्या फॉर्मवर दुसरा जामीनदार म्हणून माझी सही आहे.

मुलीचं शैक्षणिक कर्ज मंजूर झालं. सहअर्जदार मी.

आता एक काम राहिलंय. मामा येत्या मे महिन्यात निवृत्त होताहेत आणि जामीनदार नोकरीत असावा लागतो. पतसंस्थेचं पत्र गेल्या आठवड्यात आलं, एप्रिलअखेर बदली जामीनदार द्यावा. मामांनीच ते पाकीट माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि विचारलं, “यादी काढू का?” यादी काढलेली नाही. सोमवारी दुपारच्या सुट्टीत, डबे उघडले की सगळ्यांसमोरच विचारणार आहे.